पालथा दगड

विहिरीकाठच्या धुण्याच्या दगडाखाली चार जणांनी पहारी घातल्या, तेव्हा हौसाबाई गर्दीत सगळ्यात मागे, सून मालनच्या आड उभी होती. टिटवाळ्याजवळच्या त्या गावात धुण्याचा दगड बघायला एवढी माणसं पहिल्यांदाच जमली होती. विहीर दुरुस्त करताना दगडाच्या खालच्या कडेला कोरीवकाम दिसलं आणि कुणीतरी पुरातत्त्व खात्याला कळवलं होतं.

महिपतनं, तिच्या मुलानं, तिला मोबाईलवरून कायदा वाचून दाखवला होता. संरक्षित पुरातन वस्तूची नासधूस केली तर दोन वर्षं कैद, नाहीतर लाखभर दंड, नाहीतर दोन्ही. "आये, तू काय बोलू नको. विचारलं तर ऐकूच येत नाही असं दाखव."

हौसाबाईला उत्तम ऐकू येत होतं. कायदा तर शब्दन्‌शब्द ऐकू आला होता. सत्तावन्न वर्षं ती या दगडावर गोधड्या आपटत आली होती. शिवाय तो पालथा घालणाऱ्या दोन बायकांपैकी एक ती स्वतः होती. दुसरी, तिची सासू, आता कुठल्याच कायद्याच्या हाती लागण्यासारखी नव्हती.

दगड उलटला. पुरातत्त्व खात्याच्या संचिता मॅडम गुडघ्यावर बसल्या आणि ब्रशनं माती झाडली. वर चंद्र-सूर्य. मध्ये नऊ ओळी, काल कोरल्यासारख्या. खाली गाढव होतं, बाई होती, आणि सुनांनी बघू नये असं काहीतरी होतं.

"गधेगाळ आहे," मॅडम म्हणाल्या. "हजार वर्षांपूर्वीचा राजाचा हुकूम. ही जमीन गावाला दिली आहे, आणि जो कोणी ती बळकावेल, त्याच्या आईला…" मॅडम अडखळल्या.

"कळलं," मालन म्हणाली. "चित्र काढलंय की."

गावाच्या गुरचरणावर ज्यांच्या पत्र्याच्या शेड होत्या ते दोघं-तिघं एकदम मोबाईलमध्ये बघायला लागले.

मॅडम उठल्या. "हा पालथा कोणी घातला?"

अशा वेळी गर्दी फार मदत करते. ती दोन बाजूंना सरकली आणि मध्ये हौसाबाई उरली.

"तिला ऐकू येत नाही," महिपत घाईनं म्हणाला.

"येतं," हौसाबाई म्हणाली. "मी घातला. मी नि सासूनं. लग्नाला चार महिने झालेले माझ्या. पोरी-सुना पाण्याला येतात, त्यांनी हे काय बघायचं, म्हणाली. पहार तिनं लावली, ढकलला मी. धुणं पण मीच धुतलं. न्यायचं तर मला न्या, पोराला त्यातलं काय ठाऊक नाही."

संचिता मॅडमनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, जिल्ह्यात असे कितीतरी दगड बघितले मी. उघड्यावरचे सगळे झिजलेत. कुणी शेंदूर थापला, कुणी पायरीला लावला. कायदा यादीतल्या दगडांना जपतो, आणि हा आमच्या यादीत कधी नव्हताच. तुम्ही पालथा घातलात म्हणून एक अक्षर गेलं नाही. तुमचे आभार कसे मानू, कळत नाही मला."

हौसाबाईनं मुलाकडे बघितलं. महिपतनं मोबाईल खिशात घातला. त्याच्या कायद्यात हे कलम नव्हतं.

मॅडमनी विहिरीच्या कठड्यावर कागद ठेवून फॉर्म भरायला घेतला. त्यात 'यापूर्वीची संरक्षण व्यवस्था' असा एक रकाना होता. तिथं 'निरंक' सोडून दुसरं काही लिहायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

"आजी, तुमचं पूर्ण नाव?"

"माझं नको. सासूचं लिही." हौसाबाईचा आवाज एकाएकी बारीक झाला. "फार शिव्या घातल्या गं तिनं मला. त्या दिवशी पण घातल्या, हळू ढकलते म्हणून. वाटायचं, हिच्या जिभेला हाड नाही. आज कळतंय, ती होती म्हणून हे राहिलं." तिनं डोळे पुसले. "गंगुबाई भोईर."

मॅडमनी लिहिलं. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं वाकून नीट बघितलं.

"हे सरकार वाचणार?"

"वाचणार."

"मग आधी श्रीमती लाव. नुसतं नाव घेतलेलं चालायचं नाही तिला."

आणि तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढून घेतला.