मसालियाचं चाक

"जिभेखाली ठेवायचं. वर तुळशीपत्र खुशाल ठेवा, पण खाली ते काठ तुटलेलं नाणं हवं. विसरायचं नाही."

बाबांचा आवाज सावनीच्या कानातून जात नव्हता. हॉस्पिटलात त्यांनी हे सांगितलं तेव्हा पलंगाच्या एका बाजूला ती होती, दुसऱ्या बाजूला सरलाआत्या. सावनी "हो बाबा" म्हणाली होती. आत्याने नाक मुरडलं होतं.

"काहीतरीच तुझं, राजा. कुणाकुणाच्या हातातून आलेली ती चिल्लर, आणि तोंडात?"

"अगं, पलीकडे नेणाऱ्या नावाड्याला द्यावी लागते. तुझी वैतरणी, तशी त्या ग्रीकांचीही नदी आहे."

"मग त्यांची त्यांना लखलाभ."

आता बाबा अमेरिकेत, ते राहायचे त्या ॲन आर्बरच्याच एका फ्यूनरल होममध्ये निजले होते. दुपारी अंत्यदर्शन. आणि घरी डायनिंग टेबलावर त्यांचा मखमली ट्रे उघडा पडला होता.

बाबा शिकवायचे इंजिनिअरिंग, पण त्यांचा सगळा जीव मसालियात. समुद्रावरून आलेल्या ग्रीकांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर वसवलेली ती व्यापारी पेठ. तिथली चांदीची नाणी करंगळीच्या नखाएवढी. एका बाजूला तरुण देवाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला चार आऱ्यांचं चाक. काठ तुटलेलं नाणं त्यांनी सगळ्यात पहिलं घेतलेलं.

"दादा, एकच दे ना," सावनी हळूच म्हणाली.

"सावनी, प्लीज." प्रसन्न आदल्या दिवशी शॉमबर्गहून ड्राइव्ह करून आला होता आणि आल्याबरोबर ट्रेच्या कपाटाची किल्ली त्याने खिशात टाकली होती. "अख्खं कलेक्शन म्युझियमला द्यायचं, असं बाबांनी स्वतः साइन केलंय. शेवटच्या आठवड्यात ते मॉर्फिनवर होते यार."

"मी त्यांना प्रॉमिस केलंय."

"मग मला विचारून करायचं होतंस."

म्युझियमचा माणूस एकेक नाणं फोटोशी ताडून बघत होता. सगळी जागच्या जागी होती. सावनी उगाच चहा ओतत होती, पुन्हा किचनमध्ये जात होती, पुन्हा येत होती. एकदा तो माणूस फोन घ्यायला खिडकीकडे वळला. तिचा हात ट्रेकडे गेला. प्रसन्न खाकरला. हात मागे आला.

आत्या कोपऱ्यात माळ ओढत बसली होती. दुपारी बारापर्यंत तिचं रोजचं मौन. सुतकात पूजा नव्हती, पण मौन मोडायचं कारण नव्हतं. फार कडक बाई. अमेरिकेत येताना पाणी प्यायला स्वतःचं फुलपात्र घेऊन आलेली. दुसऱ्याचा चमचा लागलेली भाजी तिने कधी पानात घेतली नाही.

माणूस ट्रे मिटणार, तेवढ्यात आत्या उठली. ट्रेपाशी आली आणि तिने हात जोडले.

"लेट हर," प्रसन्न त्या माणसाला म्हणाला.

आत्या वाकली. वाकता वाकता तिचं कपाळ मखमलीला टेकलं, पदर ट्रेवर पसरला, पाठ गदगदत राहिली. म्युझियमच्या माणसाने नजर बाहेरच्या बर्फाकडे वळवली. शेवटी सावनीनेच तिला खांद्यांना धरून उठवलं. आत्याचे गाल ओले होते. हुंदका दाबावा तसे ओठ घट्ट मिटलेले.

मग ट्रे मिटताना त्या माणसाचा हात थांबला. एक खाच रिकामी होती.

प्रसन्नने सावनीकडे पाहिलं. "गिव्ह इट बॅक."

"मी नाही घेतलं."

तिने खिसे उलटे करून दाखवले. स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. तरी तो बघतच राहिला. तेव्हा आत्या आपणहून पुढे झाली. पदर झटकला, दोन्ही तळवे पसरले, कमरेचा बटवा टेबलावर उलटा केला. लवंगा, तुळशीपत्रांची पुडी, गंगाजलाची कुपी. प्रसन्नने पुडीही उलगडून पाहिली आणि कानापर्यंत लाल झाला.

"आत्या, सॉरी हं."

आत्याने नुसती मान हलवली.

टेबलाखाली जमिनीत हीटिंगची, गरम हवा वर येण्याची जाळी होती. म्युझियमच्या माणसाने तिकडे बोट दाखवलं. प्रसन्नने स्क्रू काढून खांद्यापर्यंत हात आत घातला. धूळ निघाली, एक जुनी पेन्सिल निघाली.

"पदराला अडकून खाली गेलं असणार. डक्ट साफ करणाऱ्यांना बोलवू," तो म्हणाला. माणसाने मान डोलावली. असं होतं कधीकधी, म्हणाला.

आत्याला घेऊन सावनी पुढे निघाली. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता. वायपर फिरत होते, तरी तिला समोरचं धूसरच दिसत होतं.

"ना म्युझियमला, ना बाबांना. मी हो म्हटलं होतं गं आत्या. आता त्यांच्या तोंडाकडे कशी बघू?"

आत्या माळ ओढत राहिली.

फ्यूनरल होमच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली. सावनीने घड्याळ पाहिलं.

"बारा कधीच वाजून गेले, आत्या. आता तरी बोल. रागव हवं तर."

आत्याने माळ बटव्यात ठेवली. पदराच्या टोकाने सावनीचे डोळे पुसले. मग तिच्याकडे वळून तिने तोंड जरासं उघडलं आणि जीभ उचलली. खाली लाळेत काठ तुटलेलं चांदीचं चाक चकाकत होतं. तिने ओठ पुन्हा मिटले, गाडीचं दार उघडलं, आणि बर्फावर जपून पावलं टाकत ती भावाकडे निघाली.