खोडव्याचं वय

संयोगिताच्या वडिलांच्या, आबांच्या, मोबाईलवर कारखान्याचा मेसेज आला : ‘तुमच्या उसाला उद्या तोड.’ गावात पहिला नंबर! पण रानात उभा होता तो एप्रिलच्या तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला खोडवा, जेमतेम सात महिन्यांचा, पाणचट. नको म्हणावं तर नंबर शेवटाला जाणार. संयोगिताच्या डोक्यात तिडीक गेली. तोडीचे नंबर लावणारा कारखान्याचा प्रोग्रॅम विश्रामबागेतल्या ज्या कंपनीनं केला, तिथंच ती जूनमध्ये मुलाखतीला गेली होती. व्हिडिओ बघत कोडिंग शिकून तिनं तोडणीचा स्वतःचा प्रोग्रॅम नेला होता. त्यात खोडव्याचं वय आधीच्या तोडीपासून मोजलं होतं. साहेबांनी तो उघडलाही नाही. “तुमची बी.एस्सी. अ‍ॅग्री. आम्हाला कॉम्प्युटरवालेच लागतात,” म्हणून त्यांनी लॅपटॉप परत सरकवला. आता तिनं त्याच कंपनीला फोन लावला आणि आबांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडच्या इंजिनिअरनं नोंद शोधली. “प्रोग्रॅम बरोबर आहे, मॅडम. लागणीची तारीख दोन वर्षांपूर्वीची दिसतेय. सगळ्यात जुना ऊस आधी तुटणार.” “अहो, दोन वर्षांचा कुठला? खोडवा आहे तो, खोडवा!” बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग तो नम्रपणे म्हणाला, “सॉरी मॅडम, पण खोडवा म्हणजे काय?” आबा फोनकडं बघत राहिले. “आन ह्येला घेतला व्हय गं त्यांनी, तुला सोडून?”