तिघींविना

"आई, ती नावं इथे घ्यायची नाहीत," मुलगी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पुढच्या कळेची वाट पाहू लागली.

तिची आईच सुईण होती; ती हात धुता धुता थांबली. चाळीस वर्षे तिचे सारे काम त्या तीन देवींच्या नावांवर चालले होते: धरणारी, थांबवणारी, सोडणारी. पहिलीचे नाव तिने लांबवले की बाई श्वास भरून घेई. दुसरीचे संपेपर्यंत तो कोंडून धरी. तिसरीच्या नावावर जोर लावी. त्या वस्तीतल्या निम्म्या माणसांच्या कानांवर या जगातला पहिला आवाज म्हणून तिसरीचेच नाव पडले होते.

वर्षापूर्वी मुलीने नवऱ्याबरोबर एका गुरूंचा पंथ घेतला होता; बाकीचे देव सोडून एकच देव पत्करला होता. जावई त्या गुरूंच्या पाठशाळेत ग्रंथांच्या नकला करी. आता तो दाराबाहेर बसला होता.

"सासूबाई, रागावू नका," तो बाहेरूनच म्हणाला. "जो एक आहे त्याला भाग नसतात. त्याची कृपा तिघींत वाटलेली नसते."

"त्याला भाग नसतील, जावईबापू. इथलं काम मात्र तीन भागांत आहे. तुम्ही आपलं पाणी तापवा."

डोके दिसू लागले तेव्हा सुईणीच्या बोटाला नाळ लागली. मानेभोवती वेढा होता. तो सोडवेपर्यंत मुलीने श्वास धरायला हवा होता. भलत्या क्षणी जोर लागला तर वेढा आवळणार होता.

ती मुलीच्या कानाशी वाकली. "एकदाच ती नावं म्हणू दे. तुझ्या वेळी तर जवळ कुणी नव्हतं. माझी मीच म्हटली होती."

"नको. मी शब्द दिलाय. मेले तरी त्याच्याच नावावर मरेन."

"मरायच्या गोष्टी ऐकायला मी आलेली नाही. बरं, त्याचं नाव घे."

मुलीने ते घेतले. नाव लहान होते. श्वास भरण्याआधीच ते संपले आणि त्याच्याबरोबर जोर लागला. बोटाखाली नाळ ताठ झाली. "थांब, थांब गं," सुईण म्हणाली. पण मुलीला काहीच ऐकू येत नव्हते.

तेव्हा सुईणीने डाव्या हातात मुलीचा हात घेतला. तर्जनी दाबली. मुलीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले आणि श्वास भरला. मग मधले बोट दाबले, आणि दाबूनच ठेवले. श्वास थांबला. खोलीत कुणी एक अक्षर बोलत नव्हते; बाहेर पाण्याला आधण आल्याचा आवाज तेवढा होता. उजव्या हाताचे बोट वेढ्याखाली शिरले, निसटले, पुन्हा शिरले, आणि नाळ डोक्यावरून सरकली. मग तिने तिसरे बोट दाबले.

मुलगी झाली. निळी, गप्प. दोनदा पाठ चोळल्यावर रडली.

"त्यानेच सोडवलं," बाळंतीण पुटपुटली. सुईणीने नाळ कापली, बाळ पुसून गुंडाळले, आईच्या कुशीत दिले. दुपारचे ऊन खिडकीतून अंथरुणापर्यंत आले होते.

बऱ्याच वेळाने मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "आई, तू मनात म्हणत होतीस ना? खरं सांग. मी ह्यांना नाही सांगणार."

सुईणीने आपल्या हातांकडे पाहिले. ती आठवू लागली. नाळेचा निसरडेपणा आठवला, मुलीच्या बोटांचा घाम आठवला, आपलाच कोंडलेला श्वास आठवला. त्या वेळात आणखी कुणीच नव्हते, त्या तिघीही नव्हत्या.

"नाही गं," ती म्हणाली. "विसरलेच."

आणि सकाळपासून उभी असलेली ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. घरातले माणूस गेल्यावर बसतात तशी.