गब्बूचा खुराक

"गब्बूऽ, अरे गब्बू! कोठी गेला माह्या राजा?"

कुसुमची हाक अंगणातून मागच्या संत्र्याच्या झाडापर्यंत गेली आणि तिथून शेजारच्या प्रतिभाच्या फाटकाकडे वळली. आतल्या खोलीत शालिकराम गळ्यापर्यंत चादर ओढून खाटेवर पडला होता. राजा म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या वाट्याला 'अजी'च्या पलीकडे काही आलं नव्हतं. तेही 'अजी, सिलिंडर संपलं'.

गब्बू हा त्यांचा पिवळा बोका. दारातून आत येताना आधी मिशा येतात की पोट, हे सांगणं कठीण, इतका सुटलेला. ढोरांच्या डॉक्टरनं त्याची साय बंद करायला सांगितली होती, आणि कुसुमनं ती महिनाभर जड मनानं बंद ठेवली होती. आज सकाळी तिनं बोक्याला संत्र्याच्या जाळीदार थैलीत घालून काट्याला लटकवलं, तर काटा मागं यायचा सोडून पुढंच सरकला. तेव्हापासून तिचा प्रतिभावर संशय होता.

शालिकराम त्या बोक्यावर जळत होता. नागपूरहून मुलीचा, अश्विनीचा, व्हिडिओ कॉल आला की ती आधी म्हणायची, गब्बूला दाखवा. शालिकरामला ताप आला तेव्हा कुसुमनं दारातूनच गोळी पुढं केली होती. बोका शिंकला तर त्याला पदरात गुंडाळून ऑटोनं, पूल ओलांडून पांढुर्ण्याला डॉक्टरकडे नेलं. त्या दिवशी शालिकरामही उगाच दोन-चारदा शिंकून पाहत होता. कोणी लक्ष दिलं नाही.

आणि आत्ता तोच बोका चादरीखाली, त्याच्या मांडीला टेकून, वाटीतली साय चाटत होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शालिकराम मधून मधून खोकत होता.

"प्रतिभा, खरं सांग, तू त्याले काही खाऊ घालून राहिली का?"

"मी काहून घालू, काकू? आमच्याकडं तं तो फिरकत बी नाही."

चपला परत वळल्या. शालिकरामनं केसांवरून हात फिरवला. रोज दुपारी बोक्याला शोधत शोधत कुसुम या खोलीपर्यंत यायची. एरवी इथं तिचं काही काम नसायचं.

"अजी, गब्बू दिसला का?"

"मले काय माहीत. मी झोपलो होतो."

तेवढ्यात चादरीतून शेपूट बाहेर आली. कुसुमनं चादर ओढली. बोका होता, वाटी होती, आणि शालिकरामच्या बनियनवर साय सांडली होती.

"तुम्ही तं त्याचा दुस्वास करता," ती म्हणाली.

"करतो."

"मंग हे काय?"

शालिकराम पंख्याकडे बघत राहिला. कुसुमनं वाटीकडे पाहिलं, मग खाटेच्या कडेकडे, जिथं ती रोज बोक्याला उचलायला क्षणभर टेकायची. नवऱ्याच्या नीट भांग पाडलेल्या केसांवर तिची नजर थांबली.

"मले बलवाचं होतं तं हाक माराची होती," ती म्हणाली. "त्या मुक्या जिवाले काहून फुगवलं?"

रोज ती बोक्याला उचलून न्यायची. आज तिनं वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली.

बोका खाटेवरच राहिला, मिशा चाटत. शालिकराम त्याच्याकडे रागानं बघत होता. इतक्या वर्षांत त्यानंही तिला 'अवं'च्या पुढं हाक मारली नव्हती. त्यानं दोनदा घसा खाकरला.

"कुसुम," तो म्हणाला.

बोक्यानं कान टवकारले. आत भांड्यांचा आवाज थांबला.