घंटेपासून घंटेपर्यंत

या मंडळी, असे पुढे सरकून बसा, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. वारज्यात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सकाळी अकराला एक कीर्तन झालं, त्याची गोष्ट आहे. कान द्या.

उत्तरेश्वरबुवा भिंतीकडे तोंड करून पडले होते. घशातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं, त्याला तीन आठवडे झाले. चाळीस वर्षं कीर्तन केलेला माणूस. आता गळ्याशी एक छिद्र, श्वास तेवढा तिथून. बोलायचं ते पाटीवर. आदल्या दिवशी पाटीवर ‘पुरे’ एवढंच लिहून त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली होती. पोटात काही गेलं नाही तर जखम भरायची कशी? “आधी त्यांचं मन शांत करा,” डॉक्टर म्हणाले. म्हणून सून श्रद्धा आज ऑफिसातून रजा काढून मोबाइलवर ध्यानाची अ‍ॅप लावून बघत होती.

कोपऱ्यात मच्छिंद्र बसले होते. तीस वर्षं बुवांना पेटीची साथ. आजही पेटी घेऊनच आले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पहिल्या अ‍ॅपमध्ये एक धीरगंभीर गृहस्थ म्हणाले, “आता नाकाने दीर्घ श्वास घ्या.”

बुवांचा हात गळ्याकडे गेला. श्रद्धाने चटका बसल्यासारखा फोन बंद केला.

दुसऱ्यात बाईंचा आवाज होता, मागे बासरी आणि तंबोरा. मच्छिंद्रांनी थोडा वेळ कळ काढली.

“बाई गोड बोलतात हो सूनबाई. पण बासरी एका पट्टीत आणि तंबोरा दुसरीत. यात ज्याचं ध्यान लागेल त्याचे कान तपासून घ्या.”

तिसऱ्याने आधी प्रश्न विचारला: आपली गरज निवडा. झोप, चिंता, एकाग्रता, दुःख. श्रद्धाने फोन बुवांच्या समोर धरला. “बाबा, यातलं काय दाबू?”

बुवा तिच्याकडे वळले. पाटी घेऊन त्यांनी एकच शब्द लिहिला. श्रोते.

श्रद्धाने तो दोनदा वाचला. “अहो बाबा, श्रोते मी कुठून आणू?” भरलेले डोळे दिसू नयेत म्हणून ती फोनकडे बघत राहिली. “आता हे एक उरलंय. पण यात काहीच नाही. घंटा वाजते, वीस मिनिटं सगळं गप्प, परत घंटा.”

“पुण्यातलं दिसतंय,” मच्छिंद्र म्हणाले. “कामापुरतंच बोलतं.”

बुवांनी हात पुढे केला. पाटी पुसली, लिहिलं: हेच लाव. बाकी सगळ्यांत कुणीतरी बोलतंय. इथे जागा आहे.

घंटा वाजली. आणि तीन आठवडे धरून उठवावा लागणारा माणूस आपणहून उठला. खुंटीवरचं उपरणं खांद्यावर घेऊन दोघांच्या समोर उभा राहिला. मच्छिंद्रांनी पेटीचा भाता उघडला आणि बुवांची नेहमीची पट्टी, काळी दोन, धरून ठेवली.

बुवांचे ओठ हलू लागले. आवाज नाही, नुसती गळ्यातून श्वासाची शीळ. श्रद्धाने ओशाळून मान खाली घातली. नऊ वर्षांत तिने सासऱ्यांचं कीर्तन ऐकलं होतं ते दारात उभं राहून, जाता जाता. मग तिने मान वर केली, आणि ती तशीच राहिली.

समोर सरोवर होतं. बुवांचा उजवा हात सोंड झाला होता. पाय मगरीने धरलेला, गजेंद्र आत ओढला जातोय. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. डावा तळवा पाण्यासारखा चढत चढत गळ्याच्या छिद्रापाशी येऊन थांबला. मग तिथूनही वर गेला. आता हाक मारायला आवाज उरला नाही. फक्त सोंडेचं टोक वर, आणि त्या पाच बोटांत एक कमळ. ते नव्हतं, पण श्रद्धाला त्याची पाकळी न् पाकळी दिसली.

“धाव!”

हे आपणच म्हणालो, हे तिला जरा वेळाने कळलं.

बुवांनी डोळे मिटले. ती हाक ऐकून देव गरुडाचीही वाट न बघता अनवाणी निघाला, तो त्यांच्या चेहऱ्यावरून धावत गेला. पेटीचा सूर थरथरत होता. घंटा वाजली.

फोनच्या पडद्यावर एक ओळ उमटली, ती श्रद्धाने वाचून दाखवली.

“या वीस मिनिटांत आपल्यासोबत तीन हजार आठशे सत्तेचाळीस जण शांत बसले होते.”

“किती?” मच्छिंद्रांचा हात भात्यावरून खाली आला. “अहो, हडपसरच्या सप्ताहातसुद्धा आपल्यापुढे कधी चारशेच्या वर श्रोते बघितले नाहीत मी.”

बुवांनी फोन हातात घेऊन तो आकडा निरखला. फोन उशाशी उभा करून ठेवला, उपरणं सारखं केलं, आणि कीर्तनकार सभेला करतो तसा वाकून नमस्कार केला. बराच वेळ ते वाकलेलेच होते.

मग पाटी मागून घेतली, लिहिलं: उद्याही अकराला. आधी पेज आण.

तर मंडळी, तुम्हीही कधी कुठे डोळे मिटून गप्प बसाल, तेव्हा उत्तरेश्वरबुवांची आठवण ठेवा. ते तुमच्या समोर उभे असतील.