लाल बुरूज

दोरी तुम्ही बांधलीत, साहेब, आणि तो 'लाल बुरूज' लिहिलेला फलकही तुम्हीच ठोकलात.

मॉस्कोत लेकीची पोरं सांभाळून कित्येक वर्षांनी इसिक-कुल सरोवराकाठच्या आपल्या गावी परतलेली उमसुनाई अपा घरी चहाचा घोटही न घेता थेट लाल खडकांकडे गेली. तिथं आता पर्यटकांसाठी बाग झाली होती. ती दोरीखालून वाकून आत शिरू लागली, तसा शहरातून आलेला पहारेकरी धावला.

"अपा, मागं व्हा! हा लाल बुरूज आहे. वाऱ्यापावसानं लाखो वर्षं झिजवून घडवलाय, लोक कुठून कुठून बघायला येतात."

"लाखो वर्षं? मेल्या, तुझ्यापेक्षा लहान आहे तो!"

"उन्हानं डोकं फिरलं वाटतं अपाचं," तो म्हणाला, तसे फोटो काढणारेही हसले. अपा दोरीबाहेरच गुडघे टेकून बसली. तिनं दोन्ही तळवे उघडले, ओठांत काही पुटपुटली आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

 

आमच्यात कबरीची डागडुजी करत नाहीत, मातीला मातीत जाऊ देतात. आणि त्या बुरुजाच्या कच्च्या विटा अपानं स्वतःच्या हातानं थापल्या होत्या, लेकाला तिथं मूठमाती दिल्यावर. बोला साहेब, आईनं लेकापासून किती लांब बसायचं?