एका पलंगावरची पाच मरणं
विष. न्यूमोनिया. प्रेमभंग. सर्पदंश. बाळंतपण. पाच चित्रपट, पाच मरणं. पण पलंग एकच, म्हणून दिग्दर्शक रुबोंनी पाचही मरणं एकाच दुपारी उरकायला घेतली. पॅरिसमध्ये त्यांचे महिन्याला आठ चित्रपट असेच व्हायचे. चौथ्या मरणाला, डॉक्टर झालेल्या ऑन्सेल्मने पाचही चित्रपटांची नायिका असलेल्या सेलेस्तीनच्या नाकाशी आरसा धरला आणि धरूनच राहिला. तो तिचा खराखुरा नवरा होता. “साहेब, आरशावर वाफ येत नाहीये. थांबा ना.” रुबोंनी पाहिलं, आरसा लख्ख. मग त्यांनी स्टुडिओच्या काचेच्या छताकडे पाहिलं. ऊन उतरत होतं, आणि चित्रण चालायचं ते त्याच उजेडावर. “इतकं झकास मरतेय ती, आणि तू रडतोस? बाळंतपण घ्या.” सेलेस्तीन सावकाश उठून बसली. “किंचाळायचं का, साहेब?” “मूकपट आहे, बाई. नुसतं तोंड उघडा.” पाचव्या मरणालाही आरसा लख्खच राहिला. त्याच चित्रपटांतली तिची पाच लग्नं पुढच्या सोमवारी चित्रित झाली.